रोटेम सिग्मा: अपघात विभागातल्या पहिल्या पंधरा मिनिटांचा हिशेब

रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणाऱ्या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या चाचण्या म्हणजे पीटी आणि एपीटीटी, पण त्या भळाभळा वाहणाऱ्या रक्तासाठी बनलेल्याच नाहीत. एक वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस बसवायला कामी येते, दुसरी हेपरिन या तसल्याच इंजेक्शनवर लक्ष ठेवायला आणि हिमोफिलिया शोधायला. दोन्हींत आधी रक्त फिरवून पेशी बाजूला काढतात आणि उरलेल्या प्लाझ्मात फायब्रिनचा, म्हणजे गुठळी विणणाऱ्या प्रथिनाचा, पहिला धागा दिसला की घड्याळ थांबवतात. पुढे गुठळी किती घट्ट झाली, प्लेटलेटनी किती हात दिला, बनलेली गुठळी विरघळायला लागली का, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. वर नमुना प्रयोगशाळेत जाऊन अहवाल परत येईपर्यंत पाऊण तास ते तास जातो. तेवढ्यात रुग्णाला रक्ताच्या आठ-दहा पिशव्या चढलेल्या असतात. म्हणजे अहवाल ज्या रक्ताचा आहे, ते रक्त आता त्याच्या अंगात उरलेलंच नसतं.

रक्त गोठतानाचा आलेख काढणारं रोटेम सिग्मा हे यंत्र घेतात ते ही अडचण सोडवायला. खाटेशेजारी ठेवायचं, ट्यूब खोचायची आणि पहिल्या पंधरा मिनिटांत गुठळीचा आलेख बघायचा. मत आधीच सांगून टाकू: यंत्र चांगलं आहे, नव्या माणसाच्या हातातही सहसा बिघडत नाही, आणि फायब्रिनोजेन (फायब्रिन ज्यातून बनतं ते प्रथिन) कमी आहे की प्लेटलेट, हे ते पीटीपेक्षा कितीतरी लवकर दाखवतं. पण भिंतीवर लिहिलेली कार्यपद्धती आणि फ्रीजमध्ये फायब्रिनोजेन नसेल, तर हा नुसता महागडा आलेख काढणारा डबा आहे.

आत काय चालतं

मूळ कल्पना हायडलबर्गच्या हेलमुट हार्टर्टची, १९४८ सालची. एका छोट्या कपात रक्त घ्यायचं, त्यात एक पिन सोडायची आणि दोहोंपैकी एकाला सावकाश मागेपुढे फिरवायचं. रक्त पातळ असेतो काही घडत नाही. फायब्रिनचे धागे कप आणि पिन यांना एकमेकांशी बांधायला लागले की फिरण्यात फरक पडतो. तो फरक कागदावर उतरला की मधोमध फुगलेल्या चंचुपात्रासारखी आकृती दिसते. याच तत्त्वावरच्या जुन्या टेग यंत्रात कप फिरायचा आणि पिन तारेला टांगलेली असायची. कोणी टेबलाला धक्का दिला तर आलेख थरथरायचा. रोटेममध्ये कप स्थिर असतो, पिन ४.७५ अंशांतून हलते आणि तिची हालचाल परावर्तित प्रकाशावरून मोजली जाते. त्यामुळे हे घराणं मुळातच धक्क्यांना कमी दाद देतं.

सिग्माची खरी सुधारणा मात्र पिनमध्ये नाही, कार्ट्रिजमध्ये आहे. आधीच्या रोटेम डेल्टावर प्रत्येक चाचणीला हाताने पिपेट मारावं लागतं: २० मायक्रोलिटर कॅल्शियम क्लोराइड, २० मायक्रोलिटर अभिकर्मक (गोठणं सुरू करणारं रसायन), ३०० मायक्रोलिटर रक्त. चार चाचण्या लावायच्या तर हे चारदा. शांत प्रयोगशाळेत सवयीच्या तंत्रज्ञाला ते जमतं. रात्री रिससच्या, म्हणजे अत्यवस्थ रुग्णाला आधी सांभाळायच्या, खोलीत, हातमोजे रक्ताने माखलेले असताना, त्याच पिपेटमध्ये हवा ओढली जाते, अभिकर्मक दोनदा पडतो नाहीतर पडतच नाही. सिग्मामध्ये अभिकर्मक सुकवलेल्या मण्यांच्या रूपात कार्ट्रिजमध्येच भरलेला असतो. यंत्र बंद ट्यूबमधून रक्त स्वतः ओढतं, ३७ अंशांपर्यंत तापवतं, मिसळतं आणि चार कपांत वाटतं.

चार कपांत चार प्रश्न असतात. एक्सटेममध्ये टिश्यू फॅक्टर असतो, म्हणजे जखमेतून सुरू होणाऱ्या बाह्य मार्गाची नक्कल. गुठळीचा एकूण ताकदीचा आकडा इथे मिळतो. फिबटेममध्ये तोच अभिकर्मक, शिवाय सायटोकॅलेसिन डी. ते प्लेटलेटचा सांगाडा जखडून टाकतं, म्हणून उरते ती फक्त फायब्रिनची ताकद. इनटेम गोठण्याचा दुसरा, आंतर मार्ग सुरू करतं. चौथा कप कार्ट्रिजप्रमाणे बदलतो. एका प्रकारात एपटेम असतं, ज्यात गुठळी विरघळवणारी यंत्रणा रोखलेली असते. दुसऱ्यात हेपटेम, ज्यात हेपरिन फोडणारं हेपरिनेज असतं. अपघाताच्या रुग्णाला सहसा पहिला प्रकार लागतो. हेपटेमवालं कार्ट्रिज हृदयशस्त्रक्रियेचं. दोन्ही पाकिटं एकाच खणात ठेवली तर घाईत चुकीचं उघडलं जाणारच. वेगळ्या खणात ठेवावीत आणि खणावर ठळक अक्षरांत लिहावं.

ट्यूब खोचण्याआधी

या यंत्रावर जे बिघडतं त्यातलं बरंचसं यंत्राच्या बाहेर बिघडलेलं असतं.

ट्यूब निळ्या टोपणाची, ३.२ टक्के सोडियम सायट्रेटची. रक्त आणि सायट्रेट यांचं प्रमाण नऊला एक. रेघेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होतं, यंत्राने घातलेलं कॅल्शियम ते गिळून टाकतं आणि गुठळी खोटीच उशिरा बनते. आधीच प्लाझ्मासाठी हात शिवशिवत असलेल्या टीमला असला लांबलेला आकडा म्हणजे निमंत्रणच. उलट, ट्यूब भरल्यावर पाच-सहा वेळा हलकेच उलटीपालटी केली नाही तर तळाशी बारीक गुठळी बसते. मग यंत्राला रक्त नीट ओढता येत नाही, किंवा आलेख निघतो पण अर्धं फायब्रिनोजेन आधीच त्या गुठळीत गेलेलं असल्याने कमी दिसतो. ट्यूब जोरात हलवू नये. फेस येतो आणि पेशी फुटतात.

रक्त कुठून काढलं हेही तितकंच महत्त्वाचं. ज्या हाताला सलाइन चालू आहे त्याच हाताच्या वरच्या बाजूने काढलं तर नमुना पातळ येतो. आर्टेरियल लाइनला (धमनीत घातलेल्या नळीला) हेपरिनचं फ्लश असेल तर आधी पुरेसं रक्त काढून टाकावं लागतं. एक्सटेम आणि फिबटेमच्या अभिकर्मकात हेपरिन निष्प्रभ करणारा घटक असतो, त्यामुळे थोडंफार हेपरिन ते पचवतात. इनटेम पचवत नाही. म्हणून फक्त इनटेमचा वेळ भलताच लांबला आणि एक्सटेम ठीक असेल, तर रुग्णाच्या रक्त गोठवणाऱ्या घटकांवर शंका घेण्याआधी लाइन कुठली होती ते विचारावं.

बाकी कृती सोपी आहे. रुग्णाचा क्रमांक भरायचा, कार्ट्रिज घालायचं, यंत्राने सांगितलं की ट्यूब उलटी करून सुईवर दाबायची. इथून रक्त ओढून, तापवून, मिसळून होईपर्यंत काही मिनिटं पडदा रिकामा असतो. ही मिनिटं जाहिरातीत धरलेली नसतात. "पाच मिनिटांत निकाल" म्हणजे गुठळी सुरू झाल्यापासून पाच मिनिटं. ट्यूब खोचल्यापासून धरलं तर पहिला वापरण्याजोगा आकडा दहा ते पंधरा मिनिटांत, आणि सुई टोचल्यापासून धरलं तर अजून थोडा उशीर. तरीही पीटीच्या तुलनेत ही चैनच.

आलेख वाचताना

अपघातात तीन आकडे पुरतात. बाकीचे पडद्यावर शोभेला. पहिला एक्सटेमचा क्लॉटिंग टाइम, म्हणजे सुरुवात व्हायला लागलेले सेकंद. त्याला नुसतं "सीटी" म्हणू नये, अर्धी टीम स्कॅनच्या खोलीकडे बघायला लागते. दुसरा ए५, गुठळी सुरू झाल्यानंतर पाच मिनिटांनी झालेली जाडी, मिलिमीटरमध्ये. तिसरा फिबटेमचा ए५. शेवटची कमाल जाडी यायला वीस-पंचवीस मिनिटं थांबावं लागतं. ए५ तिच्याशी इतका जुळतो की थांबण्यात अर्थ नाही.

युरोपातल्या सहा ट्रॉमा केंद्रांच्या टॅक्टिक गटाने ठरवलेल्या आणि पुढे आयटॅक्टिक चाचणीत वापरलेल्या सीमा अशा. फिबटेम ए५ दहा मिमीच्या खाली गेला तर फायब्रिनोजेन द्यायचं, कार्यपद्धतीत ४ ग्रॅमच्या हिशेबाने. एक्सटेम ए५ मधून फिबटेम ए५ वजा केला आणि उत्तर ३० मिमीपेक्षा कमी आलं तर प्लेटलेट. एक्सटेम ए५ ४० मिमी किंवा जास्त असूनही क्लॉटिंग टाइम ८० सेकंदांच्या वर असेल तर प्लाझ्मा. तिसाव्या मिनिटाला उरलेली गुठळी ८५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ट्रानेक्झॅमिक ॲसिड या गुठळी विरघळणं रोखणाऱ्या औषधाचा आणखी एक डोस.

यातला क्रम महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच बरेचदा उलटा होतो. क्लॉटिंग टाइम लांबलेला दिसला की लगेच प्लाझ्मा मागवला जातो. पण फायब्रिनोजेन फारच खाली गेलं असेल तर गुठळीची पहिली दोन मिलिमीटर जाडी गाठायलाच वेळ लागतो, आणि यंत्र तोच वेळ क्लॉटिंग टाइम म्हणून मोजतं. म्हणजे लांबलेला आकडा घटकांच्या कमतरतेचा नसून फायब्रिनोजेनचा असू शकतो. म्हणून आधी फिबटेम बघायचा, तो दुरुस्त करायचा, मग क्लॉटिंग टाइमकडे वळायचं.

प्लाझ्माने फायब्रिनोजेन भरून निघेल ही आशाही सोडावी. एक लिटर प्लाझ्मात फायब्रिनोजेन जेमतेम दोन ग्रॅमच्या आसपास. चार पिशव्या चढवून दोन ग्रॅम मिळतात, तेही एक लिटर पाण्याबरोबर, आणि तेवढ्यात आणखी रक्त वाहून जातं. फायब्रिनोजेन कॉन्सन्ट्रेटचा डोस काढायला एक साधं सूत्र वापरात आहे: फिबटेम जितके मिमी वाढवायचा आहे त्याला किलोतल्या वजनाने गुणायचं आणि १४० ने भागायचं. ८० किलोचा रुग्ण, फिबटेम ५, हवा १२. सात गुणिले ८०, म्हणजे ५६०. भागिले १४०, म्हणजे ४ ग्रॅम. हा अंदाज आहे. रक्त अजून वाहत असेल तर दिलेल्यातलं काही जखमेतून बाहेर जातं. डोस संपल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा आलेख काढून बघितल्याशिवाय काम झालं असं मानू नये. फायब्रिनोजेन पुरेसं दिल्यावरही फिबटेम हट्टाने खालीच राहिला तर फॅक्टर १३ आठवावा. धाग्यांना आडवे टाके घालणारा तोच.

सरळ रेघ दिसली तर

कपांत सपाट रेघ आली की पहिली प्रतिक्रिया "यंत्र बिघडलं" अशी असते. कधी ती खरी असते: रक्तच ओढलं गेलं नाही, ट्यूब अर्धी होती, गुठळी अडकली. अशा वेळी यंत्र सहसा त्रुटीचा संदेश देतं. संदेश नसेल आणि एक्सटेम, फिबटेम, इनटेम सपाट पण एपटेममध्ये आकृती फुगत असेल, तर रुग्णाची गुठळी बनता बनताच विरघळते आहे. हे अपघातातलं अत्यंत वाईट चिन्ह. त्या वेळी नवा नमुना घ्यायला हरकत नाही, पण उपचार त्याच्यासाठी अडवू नयेत.

विरघळण्याबाबत यंत्राची मर्यादा मात्र नीट समजून घ्यायला हवी. तीव्र फायब्रिनोलिसिस, म्हणजे गुठळीचं झपाट्याने विरघळणं, ते उघड दाखवतं. मध्यम प्रकार त्याला दिसत नाही. आलेख निरोगी आणि रक्तात विरघळण्याची खूण असलेली प्लाझ्मिन-अँटिप्लाझ्मिन संयुगं वाढलेली, असे रुग्ण अभ्यासांत भरपूर आढळले आहेत. थोडी लवकर चाहूल हवी तर फिबटेमच्या शेपटीकडे बघावं, कारण तिथे प्लेटलेट गुठळीला सावरायला नसतात. आणि ट्रानेक्झॅमिक ॲसिडचा पहिला डोस आलेखाची वाट बघत अजिबात थांबवू नये. २०१० सालच्या क्रॅश-२ चाचणीत ४० देशांतले २०,२११ रुग्ण होते आणि मृत्यूचं प्रमाण १६.० टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आलं. पण पुढच्या विश्लेषणात तीन तासांनंतर दिलेल्या औषधाने रक्तस्रावाचे मृत्यू वाढलेले दिसले. १ ग्रॅम दहा मिनिटांत, मग १ ग्रॅम आठ तासांत. तिसाव्या मिनिटाचा आकडा येईपर्यंत हातातला वेळ घालवणं परवडत नाही.

जे हे यंत्र बघतच नाही

सिग्मा रक्त ३७ अंशांवर तापवतं. रुग्ण ३३ अंशांवर कुडकुडत असेल तर त्याच्या अंगातली गुठळी आलेखातल्या गुठळीपेक्षा कितीतरी कमजोर असते, आणि पडद्यावर सगळं छान दिसतं. यंत्र नमुन्यात कॅल्शियम घालतं. म्हणून पिशव्यांतल्या सायट्रेटने रुग्णाचं आयनीभूत कॅल्शियम ०.८ वर आणलं असलं तरी आलेखाला पत्ता नसतो. ब्लड गॅस यंत्रावर तो आकडा १.१ ते १.३ मिलिमोल प्रति लिटर राखणं हे वेगळं काम आहे आणि ते सिग्मा करून देणार नाही. सुसज्ज रिससमध्ये ही दोन यंत्रं शेजारी शेजारी हवीत. एकच घ्यायचं झालं तर आधी ब्लड गॅस घ्यावं, हे आमचं स्पष्ट मत.

प्लेटलेट मंदावणारी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, आणि प्लेटलेट नीट चिकटू न देणारा व्हॉन विलेब्रँड रोग: तिन्हींना यंत्र जवळजवळ आंधळं आहे. कपात थ्रॉम्बिन, म्हणजे गोठण्याला जोर देणारं द्रव्य, इतकं तयार होतं की औषधाने झोपवलेली प्लेटलेटही जागी होते. शिवाय कपात रक्तवाहिनीची भिंत नाही, रक्ताचा प्रवाह नाही. मेंदूला मार लागलेला वृद्ध रुग्ण क्लोपिडोग्रेलवर असेल तर एक्सटेम नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होणं धोक्याचं. नव्या तोंडी रक्त पातळ करणाऱ्या औषधांबाबतही तेच: रिव्हारोक्झाबानने क्लॉटिंग टाइम लांबू शकतो, पण लांबला नाही म्हणजे औषध नाही असं होत नाही. तिथे अँटी-एक्सए पातळीच, म्हणजे रक्तातल्या त्या औषधाचं मोजमापच, मागवावी लागते.

अजून एक फसवणूक कमी लोकांना ठाऊक असते. रक्त फार पातळ होऊन लाल पेशी घटल्या की कपात प्लाझ्माचा वाटा वाढतो आणि गुठळी जरा जाडच दिसते. हिमोग्लोबिन ५ असताना आलेला "बरा" फिबटेम तसाच खरा मानू नये.

टेग ६एस आणि बाकीचे

सिग्माचा खरा प्रतिस्पर्धी टेग ६एस. त्यात पिनच नाही. छोट्या कोठडीतल्या रक्ताला वेगवेगळ्या वारंवारतेची कंपनं देतात आणि ते कोणत्या वारंवारतेला सर्वांत जोरात थरथरतं ते प्रकाशाने मोजतात. गुठळी घट्ट होत जाते तशी ती वारंवारता चढत जाते. रक्त अगदी थोडं लागतं, ४०० मायक्रोलिटरच्या आसपास, पण ते पिपेटने किंवा सिरिंजने कार्ट्रिजच्या खाचेत टाकावं लागतं. बंद ट्यूब थेट खोचण्याची सोय नाही. इथे सिग्मा पुढे: रक्त उडण्याचा, बुडबुडा जाण्याचा धोका कमी. उलट टेग ६एसकडे प्लेटलेट मॅपिंगचं, म्हणजे औषधाने प्लेटलेट किती झोपल्या ते बघणारं, वेगळं कार्ट्रिज आहे, त्यासाठी हेपरिनची ट्यूब लागते. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलचा प्रश्न वारंवार पडणाऱ्या ठिकाणी ते वजनदार कारण ठरू शकतं.

दोघांचे आकडे मात्र एकमेकांच्या जागी चालत नाहीत. टेगच्या फायब्रिनोजेन चाचणीत प्लेटलेट ॲब्सिक्झिमॅबने अडवतात, फिबटेममध्ये सायटोकॅलेसिनने. अडवण्याची तऱ्हा वेगळी, म्हणून टेगचा आकडा मोठा येतो. टॅक्टिकच्याच कार्यपद्धतीत टेगसाठी फायब्रिनोजेनची सीमा २० मिमी आहे, रोटेमसाठी १०. एका रुग्णालयातून दुसऱ्यात बदली झालेला डॉक्टर जुनी सीमा डोक्यात घेऊन आला तर गफलत ठरलेली. डेल्टावरून सिग्मावर जातानाही नॉर्मल आकड्यांचा तक्ता बदलतो. जुना तक्ता भिंतीवरून काढून टाकावा.

क्लॉटप्रोमध्ये सहा स्वतंत्र वाहिन्या (एकेका चाचणीच्या जागा) आहेत, अभिकर्मक पिपेटच्या टोकातच बसवलेला आहे आणि टीपीए हे गुठळी विरघळवणारं द्रव्य घालून विरघळण्याची प्रवृत्ती मुद्दाम तपासणारी चाचणी आहे. संशोधनासाठी ते आकर्षक, रात्रपाळीसाठी पिपेट आलंच. क्वान्ट्रा अल्ट्रासाउंडने गुठळीचा ताठपणा मोजतं आणि आलेखाऐवजी घड्याळासारख्या तबकड्या दाखवतं. नवख्यांना त्या आवडतात. आलेखाची शेपटी बघायची सवय असलेल्यांना त्या अपुऱ्या वाटतात.

सिग्माची आमच्या मते सर्वांत खटकणारी बाजू वाहिन्यांचीच. एका यंत्रात एका वेळी एकच कार्ट्रिज. म्हणजे एका रुग्णाचा तासाभराचा विरघळण्याचा आलेख चालू असेल तर दुसरा रुग्ण दारात थांबतो. त्याच रुग्णाचा दुसरा नमुना वीस मिनिटांनी घ्यायचा असला तरी पहिली चाचणी थांबवावी लागते. डेल्टावर चार वाहिन्या सुट्या असतात, म्हणून एक्सटेम-फिबटेमची एक जोडी एका रुग्णाला आणि दुसरी जोडी दुसऱ्याला लावता येते. एकाच वेळी अनेक जखमी येणाऱ्या केंद्राने सिग्मा घ्यायचं तर दोन घ्यावेत, नाहीतर आधीच लिहून ठेवावं की दहाव्या मिनिटाचा आकडा मिळाला की चाचणी तोडायला कोणाची परवानगी लागणार नाही.

पुरावा काय म्हणतो

इथे विक्रेत्यांचे कागद एक अभ्यास ठळक छापतात आणि दुसरा बारीक अक्षरांत. ठळक छापला जातो तो डेन्व्हरचा, २०१६ सालचा: १११ रुग्ण, टेगने दिशा दिलेल्या गटात २८ दिवसांतले मृत्यू १९.६ टक्के, नेहमीच्या चाचण्यांच्या गटात ३६.४ टक्के. फरक मोठा, पण एकच केंद्र आणि रुग्ण थोडे. आयटॅक्टिकमध्ये ३९६ रुग्ण होते आणि अनेक युरोपीय केंद्रं. चोवीस तासांनी जिवंत आणि मोठ्या प्रमाणावरच्या रक्तसंक्रमणाशिवाय असलेल्यांचं प्रमाण यंत्राच्या गटात ६७, नेहमीच्या चाचण्यांच्या गटात ६४ टक्के, म्हणजे फरक नाही. मात्र तिथल्या दुसऱ्या गटाकडेही कडक लिखित कार्यपद्धती होती, आणि बऱ्याच रुग्णांचं रक्त मुळात गोठण्यात बिघडलेलंच नव्हतं. ज्याचं रक्त ठीक गोठतं आहे त्याला यंत्राने काय फायदा होणार? मेंदूच्या गंभीर दुखापतीच्या उपगटात आशादायक इशारा दिसला. उपगटाच्या भरवशावर खरेदी करू नये.

आलेख न बघता सरसकट देण्याच्या चाचण्यांकडे बघितलं तर यंत्राची बाजू थोडी वर येते. क्रायोस्टॅट-२ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या १,६०४ रुग्णांपैकी निम्म्यांना सुरुवातीलाच ६ ग्रॅम फायब्रिनोजेनइतकं क्रायोप्रेसिपिटेट (प्लाझ्मातून काढलेला फायब्रिनोजेनने भरलेला भाग) दिलं. २८ दिवसांतले मृत्यू २५.३ विरुद्ध २६.१ टक्के. फ्रान्सच्या प्रोकोॲगमध्ये ३२४ रुग्णांत रक्त गोठवणाऱ्या चार घटकांचं मिश्रण, प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स, सरसकट दिलं. रक्ताची गरज कमी झाली नाही आणि गुठळ्यांचा त्रास वाढला, ३५ विरुद्ध २४ टक्के. दोन्हींत कोणाला खरोखर गरज आहे हे न बघताच औषध दिलं गेलं. यावरून सिग्मा जीव वाचवतं असं सिद्ध होत नाही. पण कॉम्प्लेक्सची कुपी फोडण्याआधी एक्सटेमचा क्लॉटिंग टाइम बघून घ्यावा, एवढं नक्की निघतं.

पहिल्या पंधरा मिनिटांत यंत्राची वाट बघत पिशव्या अडवू नयेत, हेही त्याच ओघात. २०१५ च्या प्रॉपरमध्ये ६८० रुग्णांत प्लाझ्मा, प्लेटलेट आणि लाल पेशी समप्रमाणात दिल्यावर एकूण मृत्यू घटले नाहीत, पण पहिल्या चोवीस तासांत रक्त वाहून जाऊन होणारे मृत्यू ९.२ टक्के होते, कमी प्रमाणाच्या गटात १४.६ टक्के. म्हणून सुरुवात ठरलेल्या प्रमाणाने, आणि पहिला आलेख हातात आला की त्याच्याप्रमाणे वळण.

कोणी घ्यावं

मोठ्या रक्तसंक्रमणाचे रुग्ण आठवड्याला नियमित येतात, फायब्रिनोजेन कॉन्सन्ट्रेट किंवा वितळवलेलं क्रायो अर्ध्या तासात खाटेपाशी पोचतं, आणि रात्रपाळीतल्या किमान दोघांना आलेख वाचता येतो, अशा ठिकाणी सिग्मा डोळे मिटून घ्यावं. वर्षाला चार-सहाच असे रुग्ण येत असतील तर कार्ट्रिजची मुदत उलटून जाते आणि हात बसत नाही. तिथे प्रयोगशाळेत क्लॉस पद्धतीने मोजलेला फायब्रिनोजेनचा आकडा वीस मिनिटांत मिळण्याची व्यवस्था लावणं जास्त फळतं.

घेतलंच तर यंत्र ब्लड बँकेत ठेवू नये. ट्यूब तिथवर नेण्यात दहा मिनिटं गेली की निम्मा फायदा गेला. जागा रिससच्या खोलीत किंवा तिला लागून हवी, आणि पडद्यावरचा आलेख शस्त्रक्रियागृहातल्या मॉनिटरवर थेट दिसायला हवा; भूल देणारा डॉक्टर फोनवर आकडे ऐकून घेत असेल तर फिबटेमचा आकडा एक्सटेमचा म्हणून लिहिला जातोच. नॉर्मल आणि बिघडलेला, असे दोन्ही स्तरांचे गुणवत्ता तपासणीचे नमुने ठरल्या दिवशी लावायचे आणि त्याची वही यंत्राशेजारीच ठेवायची. सुट्टीच्या दिवशी ही तपासणी चुकली आणि रात्री यंत्राने चाचणी घ्यायला नकार दिला, तर तेव्हा धावपळ करण्यापेक्षा शुक्रवारी संध्याकाळीच कोणाची पाळी आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असावं.